अवसर, पर्व आणि आठव

महानुभाव आश्रमात दिवस अवसरांनी मोजला जातो आणि वर्ष पर्वांनी. देवपूजेचे वंदन, उपहार, आरत्या, विडा-अवसर हा नित्यक्रम. वेळा आश्रमपरत्वे थोड्या बदलतात, क्रमाचा हेतू बदलत नाही. श्रावणात पवित्यांचे पर्व व वद्य अष्टमीस श्रीकृष्णांचा अवतारदिन, भाद्रपद शुद्ध द्वितीयेस सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचा आणि त्रयोदशीस श्रीगोविंदप्रभूंचा, आश्विनात श्रीचक्रपाणिप्रभूंचा, मार्गशीर्षात श्रीदत्तात्रेयप्रभूंचा, असा पंचकृष्णांच्या स्मरणाचा वार्षिक क्रम होय. वासनिक त्या दिवशी गावोगावाहून येतात, पोथीचे निरूपण होते, पंगती बसतात आणि रात्री उशिरा आश्रम शांत होतो.

या क्रमाविषयी दोन शंका जुन्याच आहेत. परंतु त्या प्रत्येक पिढीस नव्याने पडतात आणि पडाव्यातही. पहिली शंका अशी की, ज्या पंथात परमेश्वरावाचून अन्य देवतेची उपासना नाही आणि मूर्तिपूजेला स्थान नाही, त्या पंथात पाषाणापुढे विडा ठेवणे हे कोणते आचरण? दुसरी शंका अशी की, नामस्मरण अखंड करावे ही जर आज्ञा, तर वर्षातील चार-सहा दिवस वेगळे काढण्याने उरलेले दिवस मोकळे सोडल्यासारखे होत नाहीत काय? या शंकांचे समाधान नुसते परंपरेकडे बोट दाखवून होत नाही. परंपरेचे मूळ काय, तेच पाहिले पाहिजे.

विडा-अवसराचे मूळ मंत्रविधीत नाही, एका घरगुती सेवेत आहे. श्रीचक्रधरस्वामी पैठणास असताना बाइसांची भेट झाली आणि तेथून पुढे स्वामींच्या दिनचर्येचा भार त्या वृद्ध बाईने उचलला. लीळाचरित्राची पाने उलटताना पूजावसर, आरोगणा, गुळळा, विडा, पहुड हे शब्द पुनःपुन्हा भेटतात. सकाळी पूजा, मग जेवण, जेवणानंतर चूळ भरणे, विडा घेणे, विश्रांती, असा तो साधा क्रम आहे. बाइदेवबासांचा ‘पूजावसर’ हा ग्रंथ तर स्वामींच्या दिनचर्येचेच वर्णन करतो. म्हणजे जे आज विधी म्हणून दिसते, ते एके काळी एका देहधारी अवताराची प्रत्यक्ष शुश्रूषा होती. जेवण झाल्यावर विडा द्यावा, यात गूढ असे काहीच नव्हते.

हा काळ सन्निधानाचा. सन्निधानात दास्य हाच धर्म. इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले आणि असन्निधानाचा काळ सुरू झाला. विडा घेणारा हात समोर नाही, मग विडा द्यावयाचा कोणास? येथे पंथाच्या आद्य आचार्यांनी जे केले ते लक्षात घेण्याजोगे आहे. भटोबास व इतर भक्त रिद्धपुरास श्रीप्रभूंच्या सेवेत राहिले. पुढे तेही सन्निधान सरल्यावर भटोबास लीळांचे स्मरण करीत राहिले. परंपरा सांगते की, हे स्मरण पाहूनच म्हाइंभटांनी त्या लीळा लिहून घेण्याचा उद्योग आरंभिला. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन त्यांनी एकेक लीळा विचारली, पडताळली. मराठीतील आद्य गद्यचरित्र असे स्मरणातून जन्मास आले. म्हणून असन्निधानात अवसराचा अर्थ सेवा असा राहत नाही, आठव असा होतो. विडा आता देवास पोहोचवावयाचा नसतो; विडा देणाऱ्याचे मन त्या प्रसंगापर्यंत पोहोचवावयाचे असते.

एवढे ध्यानी घेतले म्हणजे पहिली शंका फिटते. ओटा किंवा संबंधी पाषाण हा परमेश्वर नव्हे. त्यास वंदन होते ते संबंधामुळे, स्वरूपामुळे नव्हे. स्थान, प्रसाद, भिक्षू आणि वासनिक ही चार साधने पंथाने आदरणीय मानिली, ती एकाच संबंधाच्या नात्याने. या चौकडीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. पहिली दोन अचेतन आहेत, पुढील दोन सचेतन. ओट्यास फुले वाहावी आणि त्याच दारात आलेल्या वासनिकास मागे सारावे, असे ज्या पर्वात घडते त्या पर्वाने चारांपैकी दोनच साधने मानिली आणि दोन टाकिली. रिद्धपूरच्या श्रीप्रभूंनी कोणाच्या दाराचा भेद केला नाही. त्यांच्या अवतारदिनी पुढच्या पंगतीचा मान पावतीपुस्तकातील आकड्यावरून ठरू लागला, तर स्मरण कोणाचे झाले, हे आश्रमाने स्वतःस विचारले पाहिजे.

दुसऱ्या शंकेसाठी एक दृष्टांत घ्यावा. एका कुणब्यास दोन पुत्र. गाव सोडताना तो म्हणाला, “शेताचा बांध राखा.” थोरल्याने बापाचे पागोटे देव्हाऱ्यात ठेविले, दरसाल त्यास हार घातला, गावजेवण दिले, बांधाकडे मात्र पाहिले नाही. पहिल्याच मोठ्या पावसात शेताची माती ओढ्यास लागली. धाकटा व्यवहारी. त्याने पागोटे मोडीत काढले, हारतुऱ्यावर एक पैसा घातला नाही आणि बांध मात्र जन्मभर राखिला. त्याच्या पश्चात त्याच्या मुलांना बांध दिसे, पण तो कोणाच्या सांगण्यावरून व कशासाठी, हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. त्यांनी बांध फोडून वाट केली. दोन्ही शेते गेली. एक लवकर गेले, एक उशिरा.

दार्ष्टांतिक उघड आहे. पागोटे म्हणजे पर्व, बांध म्हणजे आचरण. आचरणावाचून पर्व हा थोरल्याचा प्रमाद, तर पर्वावाचून आचरण हा धाकट्याचा. पर्व हे अखंड स्मरणाच्या जागी बसविलेले नाही. ते पुढच्या पिढीस स्मरणाचे कारण सांगण्यासाठी आहे. जो साधक स्वतः अखंड नामस्मरणात आहे, त्यास कदाचित पर्वाची गरज नसेल. परंतु त्याच्या बोटास धरून आलेल्या मुलास आहे.

याची साक्ष महाराष्ट्राबाहेर मिळते. पंथ पंजाबात गेला, तेथे जयकृष्णी या नावाने ओळखला गेला, पेशावर-काबूलपर्यंत त्याचे मठ झाले. तेथील वासनिकास गोदातीर दूर, रिद्धपूर दूर. स्थानवंदन आयुष्यात एकदा घडले तर घडले. ज्यांस स्थान नव्हते त्यांस पोथी होती आणि तिथी होती. मराठी पोथी व पंचकृष्णांचे दिवस यांच्या आधारे तेथे स्मरण टिकले. फाळणीत, इ. स. १९४७ मध्ये, कित्येकांचे घरदार सुटले. तिथी मात्र सोबत आली. स्थान सोडावे लागते, दिवस सोडावा लागत नाही.

असो. अवसर व पर्व यांचे प्रयोजन आठव हे ठरले, तर त्यांची परीक्षाही आठवानेच झाली पाहिजे. पर्व किती मोठे झाले, मंडप किती हात लांब होता, किती मण धान्य शिजले, हे परीक्षेचे विषय नव्हेत. आठव कोणाकोणास झाला, हा एकच विषय.

आणि येथेच एका अवघड प्रश्नाशी येऊन थांबावे लागते. पर्वाच्या दिवशी सभामंडपात निरूपण चालू असते. त्याच वेळी आश्रमाच्या मागील अंगणात चुली पेटलेल्या असतात. पुरण वाटणे, पोळ्या लाटणे, भाजी चिरणे ही कामे पहाटेपासून चालू असतात आणि ती बहुधा बायांच्या हाती असतात. त्यांपैकी कित्येक जणी तीस-तीस वर्षे त्याच आश्रमात त्याच पर्वास येत असतात. लीळेचे निरूपण त्यांच्या कानी येते ते चुलीच्या आवाजातून, तुटक तुटक. पंगती उठतात, भांडी घासून होतात, तोवर पोथी बांधून ठेविलेली असते. दिवसभर ज्यांनी सेवा केली, त्यांसच आठव घडला नाही.

सन्निधानात असे नव्हते. ज्या बाइसा आरोगणेची तजवीज करीत, त्याच स्वामींजवळ बसून ऐकत आणि विचारीत. महदाइसांची जिज्ञासा तर लीळाचरित्रात ठायी ठायी दिसते. एका उत्तरातून दुसरा प्रश्न काढणारी ती बाई होती. राबणारा हात आणि ऐकणारा कान तेथे एकाच देहाचे होते. विटाळाच्या कारणाने स्त्रीस दूर ठेवणेही स्वामींनी मानिले नाही. तो देहाचा धर्म आहे, असेच त्यांचे सांगणे. ज्या भेदास स्वामींनी थारा दिला नाही, तो आज पर्वाच्या गडबडीत, कोणाच्याही मनात नसताना, स्वयंपाकघराच्या भिंतीने उभा केला आहे.

भटोबासांचे धोरण यासंबंधी निःसंशय आहे. केशवराज पंडित, त्यांस संस्कृत रचना सहज. परंतु संस्कृतात लिहिले तर आपल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकतील, या विचाराने भटोबासांनी त्यांस आवरले. पंथाची भाषा मराठी राहिली ती या म्हाताऱ्या बायांसाठी. आणि त्याची परतफेडही झाली. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा ज्यांच्या मुखी लीळा होत्या त्यांच्याकडून ती पुन्हा उभी करावी लागली. हिराइसांच्या नावाचा पाठ अभ्यासकांस आजही ठाऊक आहे. त्या काळी बायांनी लीळा ऐकिल्या नसत्या, तर आज मंडपात निरूपणासाठी उघडण्यास पोथीच नसती.

कोणी म्हणेल, वासनिकास जेवू घालणे हीही सेवाच होय. चार साधनांत वासनिक आहे, हे वर सांगितलेच. हे खरे. परंतु लाटणारीही वासनिकच आहे. एका वासनिकाच्या तृप्तीसाठी दुसऱ्यास निरूपणास मुकविणे हा हिशेब चार साधनांत बसत नाही. शिवाय भिक्षूने अन्न कसे घ्यावे, याविषयी स्वामींची शिकवण प्रसिद्ध आहे. चवीची अपेक्षा न धरता, मिळेल ते, मिळेल त्या घरचे. त्या स्वामींच्या अवतारदिनी पंचपक्वान्नांचा आग्रह शोभत नाही.

उपाय कठीण नाहीत. निरूपणाच्या वेळी चूल बंद असावी. स्वयंपाक वरण-भात-भाजीचा असला तर तो निरूपणाआधी उरकतो. वाढण्याचे व भांड्यांचे काम पुरुषांनी आणि आश्रमातील तरुण भिक्षूंनी उचलावे; दास्य हा ज्यांचा धर्म, त्यांस भांडे घासण्यात लाज कसली? एवढेही न जमले तर संध्याकाळी, सर्व आवरल्यावर, त्या दिवशीची लीळा स्वयंपाकघरात बसून पुन्हा एकदा वाचावी. श्रोते दहा असोत की चार, पोथीस त्याने उणेपणा येत नाही. ऐकणारीस प्रश्न विचारण्याची मोकळीक असावी, कारण महदाइसांनीही तो विचारलाच होता.

तात्पर्य, असन्निधानात विडा हा आठवासाठी आहे, पर्व हे आठवासाठी आहे आणि पंगतही आठवासाठीच आहे. ज्या आश्रमात पर्वाच्या रात्री स्वयंपाकघरातील म्हातारीस आज कोणती लीळा निघाली हे सांगता येते, त्या आश्रमात विडा-अवसर घडला असे समजावे. इतरत्र पाने तेवढी वाहिली गेली.