स्टिअरिंग तेच

अमरावती-अकोला रस्त्याचं नाव गिनीज बुकात आहे. जून २०२२ मध्ये या राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एका मार्गिकेचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. सातशेच्या वर माणसं रात्रंदिवस राबली आणि कतारच्या नावावरचा आधीचा विक्रम मोडला. खड्ड्यांना वर्षानुवर्षं शिव्या घालणाऱ्या वऱ्हाडानंही त्या आठवड्यात कौतुकानं मान डोलावली. रस्ता झाला. आता याच रस्त्यालगतच्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा. तो म्हणेल, भाडं आहे, गाडी आहे, पण ड्रायव्हर भेटत नाही. एकट्या वऱ्हाडाची ही तक्रार नाही. देशात सुमारे २२ लाख चालक कमी आहेत, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीच सांगितलं आहे.

यामागचं कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. “आताच्या पोट्ट्यायले मेहनत नको, बाप्पा!” ऐकायला ते पटतंही. पण २०२४ च्या राज्य पोलीस भरतीकडे बघा. चालक शिपायांच्या १,६८६ जागा होत्या आणि अर्ज आले जवळजवळ दोन लाख, म्हणजे एका जागेमागे शंभराहून अधिक तरुण. आपल्याकडचीच मुलं पहाटे मैदानावर धावतात, दिवसा अभ्यासिकेत बसतात, कशासाठी? तर सरकारी गाडी चालवायला मिळावी म्हणून. एसटीच्या चालकभरतीचा अनुभवही वेगळा नाही. तेव्हा स्टिअरिंग धरायला तरुणांची ना नाही. ते ट्रकचं स्टिअरिंग नको म्हणतात.

फरक नेमका कुठे आहे?

पोलीस किंवा एसटीच्या चालकाला महिन्याचा पगार असतो, आजारपणाची रजा असते, आणि ड्यूटी कधीतरी संपते. ट्रकवाल्याची कमाई बहुतेक ठिकाणी फेरीवर असते. चाक फिरलं तर पैसा. अकोल्यात डाळ मिलबाहेर किंवा हंगामात जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागते. तिथे नंबर येईपर्यंत गेलेला दिवस हिशेबात कुठेच धरला जात नाही. हॉल्टिंगचे पैसे मिळाले तरी ते मालकाकडे जातात, ड्रायव्हरपर्यंत क्वचितच पोचतात. याच्या उलट वरुड-मोर्शीहून संत्री भरली की घाई सुटते. माल नासायच्या आत मंडी गाठायची असते. एक माल त्याला ताटकळत ठेवतो, दुसरा त्याला झोपू देत नाही, आणि दोन्हीकडे त्याच्या वेळेचा मालक भलताच कुणीतरी असतो.

कायदा नव्हता असं नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालीच कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि मध्ये विसावा, हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. पण पाच किंवा त्याहून जास्त कामगार असतील त्याच धंद्याला तो लागू व्हायचा. आपल्याकडे ट्रकचा धंदा मुख्यतः एक-दोन गाड्यांच्या मालकांचा. कर्ज काढून गाडी घ्यायची, हप्त्याच्या तारखेकडे डोळे लावून ती पळवायची, कधी स्वतः बसायचं, कधी दुसऱ्याला बसवायचं. अशा मालकाच्या केबिनमध्ये त्या आठ तासांना कधी शिरताच आलं नाही. तो मालकही काही सावकार नव्हे. डिझेल, टोल, टायर आणि हप्ता वजा जाता भाड्यातून जे उरतं, त्यातूनच त्याला ड्रायव्हरचं भागवायचं असतं.

या ओढाताणीत पहिला बळी गेला तो किन्नरचा, म्हणजे क्लीनरचा. पूर्वी गावातलं पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं ट्रकवर चढायचं. काच पुसायचं, टायर ठोकून बघायचं, ताडपत्री बांधायचं, वस्तादाच्या शिव्या खायचं आणि काही वर्षांत रस्ता शिकायचं. ती काही आदर्श शाळा नव्हती. कोवळ्या वयाचं शोषणही तिथे भरपूर होतं. पण तिच्या जागी पगार देणारी, वयाचे नियम पाळणारी दुसरी शाळा आपण उभी केली नाही. क्लीनरचा खर्च वाचवला, एवढंच झालं. आता एकच माणूस गाडी चालवतो, मालाची राखण करतो, ताडपत्रीही बांधतो, आणि रात्री तीन वाजता डोळा लागू नये म्हणून बोलायला शेजारी कुणी नसतं. मालकानं शेजारची जागा रिकामी ठेवून आजचे पैसे वाचवले आणि उद्याचा ड्रायव्हर घालवला.

सेव्हलाइफ फाउंडेशननं २०२० मध्ये दहा शहरांतल्या हजारावर ट्रकचालकांशी बोलून एक अहवाल काढला. आपल्या घरातल्या कुणाला या धंद्यात या असं सांगणार नाही, असं त्यातल्या ८४ टक्के चालकांनी सांगितलं. बापच मुलाला ‘ड्रायव्हरकी नको’ म्हणत असेल, तर मुलगा भरतीच्या रांगेत दिसणार, यात नवल ते काय? लग्नाच्या बोलणीतही तेच. पोरगा ट्रकवर आहे म्हटलं की समोरची मंडळी चहा पिऊन उठतात.

ट्रकचालकाची आठवण समाजाला होते ती गाड्या थांबल्यावर. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली आणि जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ज्याचं माणूस रस्त्यावर गेलं त्याला न्याय हवाच. पण अपघातानंतर चालक पळतो तो पुष्कळदा जमावाच्या भीतीनं, आणि तो जमाव आपल्यातलाच असतो.

उपाय फार लांब शोधायला नकोत. अमरावती-अकोला महामार्गाला जवळपास समांतर मुंबई-नागपूर लोहमार्ग जातो. १८६० च्या दशकात तो वऱ्हाडात आला तो मुख्यतः इथल्या कापसासाठी. त्या मार्गावर मालगाडीचा चालक सलग मुंबई ते नागपूर जात नाही. ठरलेल्या टप्प्यावर, भुसावळसारख्या ठिकाणी, तो उतरतो आणि दुसरा चढतो. उतरलेल्याला रनिंग रूममध्ये जेवण आणि खाट मिळते, आणि पुढे परतीच्या गाडीनं तो घराकडे निघतो. तोच कापूस, तीच दिशा, पण रुळांवरच्या माणसाची झोप हा सुरक्षिततेचा भाग मानला जातो आणि डांबरावरच्या माणसाची झोप म्हणजे आळस. नागपूर ते नाशिकच्या वाटेवर अमरावती आणि अकोला हे असे टप्पे सहज होऊ शकतात. इथे चालक बदलला तर इकडचा मुलगा दुसऱ्या दिवशी घरी जेवायला असेल. चार छोट्या मालकांनी एकत्र यायचं ठरवलं, तरी सुरुवात होईल.

काही पावलं पडतही आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकमध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या अकोल्याला तिचं मोल सांगायला नको. मात्र रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून कितीतरी उन्हाळे तापणार आहेत. महामार्गांवर चालकांसाठी एक हजार विश्रांतीगृहांची घोषणा पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. पण खाट असून चालत नाही, तिच्यावर पडायला वेळही लागतो. रस्ता गुळगुळीत झाला की ड्रायव्हरला तासभर जास्त विसावा मिळायला हवा. आपल्याकडे त्याऐवजी फेरी तासभर आधी पोचवायची अपेक्षा वाढते.

आणि हे सगळं सरकारवर आणि मालकावर सोपवून आपल्याला मोकळं होता येत नाही. किराणा दुकान, कृषी केंद्र, सिमेंटचं गोदाम, मिल, बाजार समिती, नाहीतर बांधकाम चालू असलेलं आपलंच घर, गाडी कुठेतरी आपल्याच दारात खाली व्हायची असते. तिथे हमाल वेळेवर बोलावता येतात. हात धुवायला नळ आणि संडासाची किल्ली देता येते. गाडी उशिरा खाली झाली, तर त्या वेळेचे पैसे थेट ड्रायव्हरच्या हातात ठेवता येतात. ‘ए ड्रायव्हर’ऐवजी ‘भाऊ’ म्हणायला तर काहीच लागत नाही.

वऱ्हाडातली मुलं कष्टाला भीत नाहीत. भरतीच्या मैदानावरची गर्दीच ते सांगते. त्यांना ठरलेला पगार, ठरलेली झोप आणि घरी परतायचा ठरलेला दिवस हवा आहे. आपल्यालाही नोकरीत याहून वेगळं काय हवं असतं? आज संध्याकाळपर्यंत आपल्यामुळे एक गाडी जरी तासभर लवकर खाली झाली, तरी सकाळचा हा विचार कामी आला म्हणायचा.