अकराव्या तासापर्यंत उभे असलेले

लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांस हे दृश्य परिचयाचे आहे. व्यापारी एका ट्रॉलीपाशी थांबतो, चार कांदे हातात घेऊन पाहतो आणि काही न बोलता पुढे जातो. अशा वेळी शेतकरी बाजारास दोष देतो, कांद्यास देत नाही. परंतु त्याच शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा तीन वर्षे अर्ज करूनही घरीच राहिला, म्हणजे तोच बाप म्हणू लागतो की पोरातच काही उणे असावे. आणि आम्ही मंडळीतील लोक त्याच्याही पुढे जाऊन म्हणतो की त्याचा विश्वास उणा असावा.

असा एक तरुण आमच्या पाहण्यात आहे. पदवी झाली, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावून झाले, तलाठ्याची परीक्षा झाली, वाळूजच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली सात महिने काम झाले आणि ठेका संपताच तो घरी आला. पुढे तो उपासनेस येईनासा झाला. आम्ही त्याच्या घरी जाऊन कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “पाळकसाहेब, देवाचं भय वाटत नाही. दाराशी उभ्या असलेल्या काकूंचं वाटतं. त्या विचारतात, लागलं का कुठं?”

येथे आम्हांस आमचा अपराध कबूल केला पाहिजे. दर रविवारी आम्ही त्याचे नाव घेऊन त्यास नोकरी लागावी म्हणून मोठ्याने प्रार्थना करीत असू. आमचा हेतू प्रेमाचा होता; परंतु त्याच्या कानी ती दर आठवड्यास त्याच्या अपयशाची दवंडीच पडत होती.

ज्यास नोकरी मिळाली नाही त्याचा विश्वास कमी, हे म्हणणे खरे आहे काय? 2023 साली महाराष्ट्रात तलाठ्यांची भरती झाली. जागा सुमारे साडेचार हजार, आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. म्हणजे दोनशेहून अधिक उमेदवारांत एक जागा. त्या सर्वांचा विश्वास अब्राहामासारखा असता तरी दोनशेंनी रिकाम्या हाताने परत जावेच लागले असते. हा साधा हिशेब आहे, आणि उपदेशक बंधूंनी तो व्यासपीठावर चढण्यापूर्वी करावा अशी आमची विनंती आहे.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण पुष्कळदा ऐकतो. घरधनी पहाटे बाजारात जातो, पुन्हा जातो, आणि शेवटी अकराव्या तासास, म्हणजे सायंकाळच्या पाचच्या सुमारास, जातो. तेथे काही माणसे तशीच उभी असतात. ह्या दाखल्यावर आम्ही अनेक उपदेश केले, आणि ते सर्व धन्याच्या उदारपणावर केले. त्या माणसांच्या पायांकडे आमचे लक्ष कधी गेले नाही. सकाळपासून दुसऱ्यांस बोलावणे येताना त्यांनी पाहिले होते. दुपारी ती घरी निघून गेली असती तर कोणी त्यांस बोल लावला नसता. परंतु ती गेली नाहीत. आमच्या मते त्या दिवशी मळ्यात जे काम झाले त्याहून हे उभे राहणे हलके नव्हते. आणि त्यांचे उत्तर ऐकून धनी त्यांस आळशी म्हणत नाही, त्यांचा विश्वास तपासत नाही; कामास पाठवितो.

मात्र दाखल्यास त्याच्या शक्तीपलीकडे ओढू नये. प्रत्येक बाजारात पाच वाजता धनी येतोच असे त्यात सांगितलेले नाही.

1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत व लंडनमध्ये शिकून बडोद्यास नोकरीवर गेले. तेथे अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास जागा मिळेना, आणि ज्या पारशी वसतिगृहात ते उतरले होते तेथून त्यांस घालवून देण्यात आले. मुंबईस परतून त्यांनी शिकवण्या केल्या. व्यापाऱ्यांस सल्ला देण्याचा धंदा काढला. सल्लागाराची जात कळताच तो बसला. नोव्हेंबर 1918 मध्ये त्यांस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. ही गोष्ट तरुणांस सांगताना जपावे. आपणांस पुढचे सर्व ठाऊक आहे, 1950 साली त्यांनी आपल्या ह्याच शहरात कॉलेज उघडले हेही ठाऊक आहे, म्हणून ते वर्ष आपणांस हलके वाटते. 1918 च्या उन्हाळ्यात त्यांस स्वतःस त्यातले काहीच ठाऊक नव्हते. परंतु त्याच वर्षी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींविषयी त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. शेतीवर जास्तीचे हात रिकामे पडून आहेत, हे दुखण्याचे मूळ, असे त्यात त्यांनी दाखविले. तो निबंध लिहिण्यास त्यांस कोणी पगार देत नव्हते.

हेच आम्हांस तरुणांस सांगावयाचे आहे. बोलावणे येणे आपल्या हाती नाही. दिवस आपल्या हाती आहे. आज अर्ज नीट भरला, दोन तास अभ्यास झाला, बापाबरोबर खुरपणी केली, तर तो दिवस रिकामा गेला असे रात्री स्वतःस सांगू नये. पौलानेही करिंथात तंबू शिवले. तथापि आशा आणि हट्ट ह्यांत भेद आहे. चौथ्या वेळीही तीच परीक्षा, तेच गुण, आणि घरावर कर्ज, अशी स्थिती असेल तर दुसरी वाट धरण्यात देवाचा अपमान नाही.

आमच्या काही मुलांपुढे आणखी एक कसोटी येते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शीख व 1990 साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. मग कोणी सुचवितो की कागदावर जुनाच धर्म राहू द्यावा. आम्ही हे योग्य म्हणणार नाही. परंतु ज्यास दरमहा वेतन मिळते त्या आमच्यासारख्याने अशा मुलावर पहिला दगड उचलू नये.

त्या तरुणाविषयी मंडळीने इतकेच केले की प्रार्थनेत त्याचे नाव घेणे थांबविले आणि त्यास काम दिले. मंडळीचा जमाखर्च त्याच्याकडे सोपविला, आणि आठवड्यातून तीन सायंकाळी मुलांस गणित शिकविण्याबद्दल मानधन ठरविले. ते थोडे आहे, पण वेळच्या वेळी देतो. त्याचे अर्ज चालूच आहेत. पुढील महिन्यात पहाटेच्या गाडीने तो पुन्हा परीक्षेस जाणार आहे. मागील रविवारी दाराशी त्याच काकूंनी त्यास अडविले. त्या विचारीत होत्या, “आमच्या नातवाला भागाकार येतो का रे आता?”