रूळ उपटले, पुण्य राहिलं
केजची माझी आजी आषाढीला एसटीने लातूर गाठायची आणि तिथून बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने पंढरपूर. उतरताना डब्याच्या पायरीला हात लावून कपाळाला लावायची. ही लाइन 1906मध्ये पंढरपूरला पोचली, 1911मध्ये लातूरला. पुढे ब्रॉडगेज झालं, जुनी स्टेशनं ओस पडली. मग त्या वाटेचं पुण्यही सरलं का? मला तसं वाटत नाही. एका आसावर 5 टनांहून जास्त भार नको, हा या लाइनचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉपचा नियम. अडीच फुटी रुळांवर तो पाळत गाडीने पिढ्यान्‌पिढ्या वारकरी वाहिले. देवापर्यंत पोचवणं हीही पूजाच, आणि झालेली पूजा वाया जात नाही. आता आजीच्या केजच्या जिल्ह्याच्या गावी, बीडलाही 17 सप्टेंबर 2025ला रेल्वे आली. तिचं स्वागत करा, पण जुने फलाटही जपा.