बिनकामाची वाट

परभणीत रस्त्यात कुणी भेटले की सलाम किंवा नमस्कार झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कुठे निघालात? आमच्या मोहल्ल्याच्या बोलीत, 'कां जारे?' या प्रश्नाला बाजार, कोर्ट, दवाखाना, मय्यत, सोयरीक अशी बरीच उत्तरे चालतात. पण 'कुठेच नाही, नुसते चालतो आहोत' असे म्हटले की विचारणारा घोटाळतो. मग काळजीच्या सुरात विचारतो, 'डॉक्टरनं सांगितलं का?' शुगर झाली असेल तर चालणे त्याला समजते. निव्वळ चालावेसे वाटले म्हणून चालणे समजत नाही.

काही काम नसताना, कुणाची परवानगी न घेता, आपल्याच गावाशिवारातून चालण्याचा माणसाला हक्क आहे की नाही? रोजीरोटी, शिक्षण, सुरक्षितता असे डोंगराएवढे प्रश्न समोर असताना हा प्रश्न चैनीचा वाटेल. आम्हांला मात्र तो तसा वाटत नाही.

आपल्या जिल्ह्यातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि 1976 साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. पैठणहून निघालेला हा कालवा जालना जिल्हा ओलांडून पाथरी, मानवत, परभणीच्या शिवारात येतो. लांबी 208 किलोमीटर. त्याच्या काठाने पाटबंधारे खात्याने देखरेखीसाठी मुरमाचा रस्ता केला आहे. कुठे तो धड आहे, कुठे वेड्या बाभळीने गिळलेला. आवर्तन सुटलेले असावे, असरची वेळ टळून गेलेली असावी आणि या रस्त्याने चालावे. एका बाजूला काठोकाठ संथ पाणी, दुसऱ्या बाजूला कापूस, तूर, मध्येच उसाचे हिरवे चौकोन. तारेवर खंड्या बसलेला, बगळे परतायला लागलेले. सपाट मुलखात पाण्याची इतकी लांब सोबत दुसरीकडे कुठे मिळते? तरीही या काठावर दिसणारा प्रत्येक माणूस कामाचा असतो. इंजिनाचा पाइप टाकायला आलेला शेतकरी, धुणे घेऊन आलेल्या बाया, गेट पाहायला आलेला खात्याचा माणूस. उन्हाळ्यात उड्या मारायला येणारी पोरे तेवढी बिनकामाची, आणि दुर्दैवाने कालव्याच्या गुळगुळीत उतारावर जीवही बहुधा त्यांचाच जातो.

आयर्लंड हा पाण्याकाठच्या अशा वाटांसाठी नावाजलेला देश. तिथे रॉयल आणि ग्रँड असे दोन मोठे कालवे डब्लिनपासून पश्चिमेकडे शॅनन नदीपर्यंत जातात. ते शेतीसाठी नव्हे, नावांनी माल वाहण्यासाठी खोदलेले. नाव ओढणारे घोडे काठाने चालत, त्यांच्यासाठी वाट होती. आगगाडी आली, पुढे मोटारी आल्या आणि कालवा निकामी झाला. रॉयल कालवा 1961 साली बंदच केला गेला. मग कुदळी-फावडी घेऊन सामान्य माणसे पुढे आली, वर्षानुवर्षे गाळ उपसत राहिली आणि 2010 साली तो पुन्हा वाहता झाला. 2021 पासून त्याच्या काठाने 130 किलोमीटरची सलग वाट चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना खुली आहे. घोड्याचे काम संपले, तेव्हा ती वाट बिनकामाच्या माणसाची झाली.

पण याच काठाची आणखी एक हकीकत आहे. 1847 साली, बटाट्याच्या दुष्काळात, स्ट्रोकस्टाउन इथल्या जमीनदाराने आपल्या 1,490 कुळांना जमिनीवरून काढून कॅनडाला रवाना केले. बायका-पोरांसह ही माणसे या कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत गेली. पुढच्या प्रवासात त्यांतली कितीतरी दगावली. त्या काळात आयर्लंडमधून धान्य मात्र बाहेर जातच होते. आज त्या 165 किलोमीटरच्या वाटेवर ठिकठिकाणी लहान मुलांचे ब्राँझचे बूट मांडून ठेवले आहेत. सुटीच्या दिवशी डबा घेऊन निघालेला माणूस त्या बुटांपाशी येतो, थांबतो आणि पुन्हा चालू लागतो.

नीतीचा पेच इथे सुरू होतो. जिथून भुकेली माणसे नाइलाजाने चालली, तिथून मौजेने चालावे का? मौज हा त्यांचा अपमान नाही का?

हा पेच परका नाही. नाथसागरात शंभराहून अधिक गावे गेली. त्या गावांतले लोक चूलबोळके, गुरेढोरे घेऊन, कब्रस्ताने मागे ठेवून निघाले, तेव्हा आपल्या शेताला पाणी आले. 1972 च्या दुष्काळात मराठवाडा खडी फोडायला पायी गेला आणि सुकडी खाऊन परतला. अगदी अलीकडे, 8 मे 2020 रोजी, टाळेबंदीत जालन्याहून गावाकडे निघालेले मध्य प्रदेशचे 16 मजूर करमाडजवळ रुळावर झोपले असताना मालगाडीखाली गेले. रुळावर पोळ्या विखुरलेल्या होत्या. आपल्या देशात सर्वांत जास्त चालतो तो गरीबच, आणि त्याला चालण्याची हौस नसते.

म्हणून काहीजण म्हणतील, सौंदर्याच्या वाटा ही पोट भरलेल्यांची भाषा आहे. यात तथ्य आहे, पण अर्धेच. नाइलाजाने चालणाऱ्याची तक्रार पायांविषयी नसते. थांबावे कुठे, वळावे कुठे, हे त्याच्या हाती नसते, ही त्याची तक्रार असते. मौजेने चालणाऱ्याच्या हाती नेमके तेवढेच असते. तेव्हा मौज हा गरिबाचा अपमान नाही. ती त्याच्या वाट्याला येऊ न देणे हा अपमान आहे.

कायदा काय म्हणतो पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट मागता येते. ती कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. कायदा चांगलाच आहे. पण ज्याला शेतच नाही त्याला त्यातून वाट मिळत नाही, आणि आपल्यापैकी कितीजणांकडे शेत आहे? भूमिहीन माणूस दुसऱ्याच्या शिवारात दिसला की त्याने कारण सांगावे लागते. त्याचे नाव आमच्यासारखे असेल तर कारण जरा लवकर आणि जरा मोठ्याने सांगावे लागते.

बायकांचे तर विचारूच नका. आमच्या ओळखीतल्या दोघी जावा संध्याकाळी चारीच्या पुलापर्यंत जाऊन येतात. हातात रिकामी थैली असते. पालक आणायला निघालो, असे सांगता यावे म्हणून. पालक त्या आणत नाहीत.

बिनकामाचे चालणे आपल्याकडे निषिद्ध नाही, फक्त ते पुण्याच्या नावाखाली करावे लागते. फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांच्या उरुसात त्याच दोघी थैलीशिवाय रात्री उशिरापर्यंत फिरतात. आषाढीआधी शेगावची पालखी परभणी-गंगाखेडवरून पंढरपूरला जाते, तेव्हा शेजारची मावशी महिनाभर घर सोडते आणि तिला कुणी कारण विचारत नाही. वाटेतला काटा-दगड दूर करणे हा ईमानाचाच एक भाग आहे, असे हदीसमध्ये सांगितले आहे. तो दगड कुणासाठी काढायचा, कामाने जाणाऱ्यासाठी की रिकाम्यासाठी, असा भेद तिथे केलेला नाही.

कालव्याच्या काठाचे आयर्लंड करावे असे आमचे म्हणणे नाही. पाण्याच्या पाळीवरून भांडणारा टेलचा शेतकरी आम्हांला हसेल, आणि त्याचे हसणे रास्त आहे. त्याची चारी आधी दुरुस्त व्हावी. पण बाभळी तोडणे, पुलांना कठडे बांधणे, उतारावर बुडणाऱ्याला धरायला साखळी लावणे याला फार पैसा लागत नाही. आणि एक गोष्ट जास्तीची सुचवतो. कालवा 208 किलोमीटरचा, बुडालेली गावे शंभरावर. दर दोन किलोमीटरला एक दगड रोवून त्यावर एकेका गावाचे नाव कोरले, तर पैठणपासून टेलपर्यंत जवळजवळ सगळी गावे बसतील. त्यासाठी नव्याने कुणाची जमीन घ्यावी लागणार नाही.