बारा सेकंदांचा हिशेब

महागाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी सीमेन्सच्या जुन्या एस-५ नियंत्रकावरचा प्रोग्राम एस-७वर नेत होतो. एस-५ मालिका १९७९ची. सुटे भाग मिळणं अवघड. भोंगा वाजल्यावर गव्हाण बारा सेकंद थांबूनच सुरू व्हायची. का, ते कुठल्याच कागदावर नव्हतं. मी तो विलंब काढून टाकला.

चाचणीला आलेले निवृत्त ऑपरेटर काका म्हणाले, "साहेब, फसलेला ऊस काढाले उतरलेला माणूस वर केव्हा येईन?"

विलंब मी परत घातला, शेजारी कारणही लिहिलं. मला न कळलेली ओळ मी निरुपयोगी ठरवली होती. वाचणारे सेकंद कारखान्याचे, कौतुक माझं. जीव मात्र तिसऱ्याचाच. त्याला कुणी विचारलं होतं?