क्षमा कोणी करावी?

आमच्या कळंब गावी रोज दिवेलागणीला हरिपाठ होतो. गाव समुद्राच्या काठचे. नालासोपारा स्टेशनावरून मुंबईला नोकरीसाठी जाणारी मंडळी परत येईतो रात्र पडते, म्हणून हरिपाठाला मोठी माणसे थोडी आणि पोरे अधिक, अशी नेहमीची स्थिती. त्या पोरांत आठवीतला एक मुलगा होता. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही. गळा गोड आणि चाल उचलण्यात पटाईत. पण वयाप्रमाणे त्याचा आवाज फुटू लागला आणि वरच्या पट्टीत गेला की चिरकू लागला. कोणा पोराने ते मोबाइलवर टिपले, त्यात बोकडाचे ओरडणे मिसळले, आणि शाळेच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडून दिले. तासाभरात गावभर झाले. आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही आले. खरे ते सांगितले पाहिजे. आम्हीही हसलो. आमच्यातल्या दोघांतिघांनी तर ते पुढेही धाडले.

पोरगा हरिपाठाला यायचा बंद झाला. पुढे आठपंधरा दिवसांत कोणी त्याच्याच नावाने आणि त्याच्याच फोटोने इन्स्टाग्रामवर खोटे खाते उघडले व वर्गातल्या मुलींना घाणेरडे लिहिले. शाळेत बोलणी त्याला बसली. तेव्हा आम्हा जाणत्यांपैकी चौघे त्याच्या घरी गेलो आणि काय सांगितले? नाथमहाराजांची गोष्ट सांगितली. पैठणास गोदावरीचे स्नान करून येताना एक उन्मत्त मनुष्य अंगावर थुंकला, नाथ परत स्नानास गेले, तो परत थुंकला, असे एकशेआठ वेळा झाले आणि नाथांच्या कपाळावर आठी उमटली नाही. "बाळा, तूही तसं सोसावं. लक्षच देऊ नये." पोरगा ऐकून घेऊन आत गेला, आणि गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली. ती खुंटी काही केल्या आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून हा लेख.

आमचा उपदेश चुकला कोठे, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. नाथांची गोष्ट खोटी नव्हे. पण ती नाथांची आहे. जनार्दनस्वामींच्या चरणी वर्षानुवर्षे सेवा करून ज्याने मनाला वळण लावले, त्या पुरुषाची ती शांती. नाथांस उलट बोलता येत नव्हते म्हणून ते गप्प राहिले नाहीत. बोलता येत असून राहिले. ज्याला दंड करण्याची शक्ती आहे त्याने दंड केला नाही, तर ती क्षमा. तेरा वर्षांचे पोर भीतीने आणि लाजेने गप्प बसते त्याला क्षमा म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशी केल्याचे पुण्य देण्यासारखे आहे. शिवाय गोष्टीतला थुंकणारा एक होता, समोर उभा होता, आणि अखेरीस नाथांच्या पायां पडला. येथे थुंकणारे किती, कोण आणि कोठले, हेच त्या पोराला ठाऊक नव्हते. नाथ नदीवरून घरी गेले की प्रकार संपत होता. याचा तर घरात, उशाशी, रात्री अकरालाही चालू होता.

मग संतचरित्रात अशा पोराला उपयोगी असे काही नाहीच का? आहे. आणि आपण ते रोज म्हणतो. विठ्ठलपंतांची चार लेकरे, संन्याशाची पोरे म्हणून गावाने त्यांना काय काय ऐकवले हे वारकऱ्याला सांगायला नको. एके दिवशी अपमान इतका जिव्हारी लागला की प्रत्यक्ष ज्ञानोबारायांनी पर्णकुटीची ताटी लावून घेतली. ज्ञानोबारायांनी! तेथे आठवीतल्या पोराची काय कथा? आणि मग मुक्ताई त्या ताटीपाशी आली. ते अभंग बहुतेक माळकऱ्यांना पाठ असतात, येथे लिहीत बसत नाही.

यावर कोणी म्हणेल की मुक्ताईनेही सोसायलाच सांगितले. होय, सांगितले. पण कोणी, कोणाला आणि कोठे उभे राहून सांगितले ते पाहावे. तो अपमान तिच्याही वाट्याला आलेला होता. तीही त्याच आईबापांची लेक. ती ज्ञानदेवांचा अधिकार जाणून त्यांच्याशी बोलत होती. आणि सर्वांत मोठे हे की दार उघडेपर्यंत ती तेथून हलली नाही. आम्ही चौघे मात्र चहा घेऊन अर्ध्या तासात उठलो होतो. त्यातले दोघे तो व्हिडिओ पुढे पाठवणारे. ज्याने दगड मारला त्यानेच जखमेवर क्षमेचा लेप सुचवावा, हा अधिकार आम्हाला कोणी दिला?

आता थोडे त्या यंत्राविषयी. मोबाइल पूर्वीही होते, पण २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि ते घरोघर शिरले. पुढे २०२० साली टाळेबंदीत शाळाच मोबाइलवर भरली. त्याच वर्षी पायी वारी झाली नाही, पालख्या एसटीने पंढरपुरास गेल्या, हे सर्वांच्या स्मरणात असेल. ज्या पोराला आपण हौसेने सायकल देत नव्हतो त्याच्या हाती नाइलाजाने मोबाइल दिला, आणि सायकल शिकवताना मागून धरतात तसे धरले मात्र नाही. या कंपन्यांच्या स्वतःच्याच नियमाने तेरा वर्षांखाली खाते उघडता येत नाही. पोरे जन्मसाल खोटे टाकतात आणि आपणही कौतुकाने पाहतो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अशा माध्यमांवर खाती ठेवण्यास कायद्याने बंदी केली. आपल्याकडे २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्याला मूल मानले असून त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती हवी असे ठरवले आहे. कायदा काय करायचे ते करील. पोरगा शेवटी आपल्या ओटीवर बसून बटण दाबणार.

कायद्याचे निघालेच आहे तर आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्याला पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. जमावाने एकीच्या चुलत्यांच्या दवाखान्याची मोडतोड केली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. पुढे ते प्रकरण देशभर गाजले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलमच रद्द केले. याचा अर्थ इतकाच की एखादे बोलणे नुसते मनाला लागले म्हणून फौजदार बोलवावा, हा मार्ग नव्हे. पण दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे हा गुन्हा आजही आहे. ६६-क कलमाने तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांची अश्लील चित्रे बाळगणे वा पाठवणे हा तर फार भारी गुन्हा, त्याला ६७-ब कलम आणि २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. करणाराही अल्पवयीन असेल तर त्याला बाल न्याय मंडळापुढे नेतात. "गंमत केली" हे उत्तर तेथे चालत नाही.

दुसऱ्याच्या नावाने लिहिण्याचा प्रकार संप्रदायाला नवा नाही. तुकोबारायांच्या काळी सालोमालोने त्यांचे अभंग घेऊन त्यांत स्वतःचे नाव घातले, असे परंपरा सांगते. आजची पोरे उलटे करतात. स्वतःची घाण लिहायची आणि दुसऱ्याचे नाव घालायचे. आम्हाला येथे एक गोष्ट सुचली ती वाचकांपुढे ठेवतो. आपल्या अभंगाच्या शेवटच्या चरणात मुद्रा असते. नामदेवांची, जनाबाईंची, चोखोबांची, तुकोबांची. इतर अनेक हेतू असतील, पण मुद्रा म्हणजे बोललेल्या शब्दाला आपला खांदा देणे. जनाबाई दासी होती, चोखोबांना देवळाच्या पायरीपाशी अडवले गेले. नाव लपवायला त्यांच्याइतके कारण कोणाला होते? तरी त्यांनी नाव घातले. आम्ही आता पोरांना हेच सांगतो. जे लिहितोस त्याच्या शेवटी आपली मुद्रा घालून गावच्या पारावर वाचता येईल का बघ. येत नसेल तर पाठवू नकोस. बारा वर्षांच्या पोराला हे चटकन समजते, असा आमचा अनुभव आहे. मोठ्यांना समजावताना वेळ लागतो.

पुढे पाठवणाऱ्याविषयीही बोलले पाहिजे, कारण त्या पंक्तीत आम्ही बसलो आहोत. "मी थोडंच केलं? आलं ते पुढे पाठवलं." १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठेचून मारले. बहुतेक आपल्या मंगळवेढे तालुक्यातले. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. ती अफवा ज्यांनी ज्यांनी अंगठ्याने पुढे ढकलली त्यांतल्या कोणीही काठी उचलली नसेल. बोकडाचा आवाज आणि पाच माणसांचा जीव यांत अंतर आहे, हे आम्ही जाणतो. अंगठा मात्र तोच. आणि तुकोबारायांच्या वह्या तेरा दिवसांनी इंद्रायणीतून वर आल्या हे आपण भक्तीने सांगतो, तसे हे वाईट शब्दही तळाशी राहत नाहीत, एवढे पोरांना कळले पाहिजे. तुम्ही पुसाल, दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये ते राहील.

वारीतही हे शिरले आहे. वाटेवर आयाबहिणी स्नान करतात, लुगडी बदलतात, थकून रस्त्याकडेला झोपतात, आणि कोणी तरी कॅमेरा रोखून उभा असतो. आपल्याच दिंडीतली पोरेही असतात. फडकरी महाराजांनी व वीणेकऱ्यांनी याचा निर्बंध करावा. समोर आलेल्याला, मग तो लहान असो की मोठा, माउली म्हणून पायां पडायचे आणि मागून त्याचे चित्र काढून हसायचे, हे एका अंगावर कसे शोभते?

आता पोरांना काय शिकवावे, ते साधे सांगतो. आपला पासवर्ड वा ओटीपी जिवलग मित्रालाही देऊ नये. आज मित्र असतो, उद्या अबोला होतो. खेळाच्या गप्पांत किंवा इन्स्टाग्रामवर गोड बोलणारा अनोळखी 'मित्र' कोण हे फोटोवरून कळत नाही. त्याला शाळा, घर, जाण्यायेण्याची वेळ सांगू नये. पाठवायला लाज वाटेल असा फोटो कोणी मागितला तर मागणाराच चोर समजावा. कोणी धमकावून पैसे मागितले तर देऊ नयेत, एकदा दिले की मागणी वाढते. छळ झाला तर रागाने पुसून टाकण्याआधी पडद्याचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, काढून ठेवावा, तोच पुरावा. मग त्या माणसाला ब्लॉक करावे, त्या ॲपवरच तक्रार करावी, आणि त्याच दिवशी घरच्या एका मोठ्या माणसाला सांगावे. मुलांसाठी १०९८ हा फुकट दूरध्वनी दिवसरात्र आहे. पैशाची फसवणूक झाली तर १९३०. सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर मुलांविषयीची तक्रार नाव न सांगताही देता येते. अठरा वर्षांखालच्या मुलाचा उघडा फोटो पसरला असेल, तर 'टेक इट डाउन' नावाची एक आंतरराष्ट्रीय सोय आहे. तीत फोटो कोठे पाठवावा लागत नाही, मोबाइलवरच त्याची आकड्यांत खूण तयार होते आणि त्या खुणेवरून सहभागी कंपन्या तो हुडकून काढतात.

यांतले 'घरच्यांना सांगावे' हे लिहायला सोपे आहे. पोरे का सांगत नाहीत ते आम्ही चार पोरांना विचारले. चौघांचे उत्तर एकच. "सांगितलं तर मोबाइल काढून घेतील." म्हणजे मारला गेलेला तोच आणि शिक्षाही त्यालाच. पालकहो, पोर सांगायला आले तर पहिला शब्द "तुला कोणी सांगितलं होतं तिकडे जायला?" हा तोंडातून निघू देऊ नका. मोबाइलचे पुढे पाहता येईल. त्या वेळी पाणी द्या आणि ऐकून घ्या.

आमच्या त्या पोराचे पुढे काय झाले? उपदेशाने काही झाले नाही. त्याच्या आजीला मोबाइल उघडतासुद्धा येत नाही. पण नातू दोन रात्री जेवला नाही एवढे तिला कळले. ती त्याच्या खोलीच्या दाराशी वाल सोलत बसली. काही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी तो बाहेर येऊन तिच्यापाशी बसला आणि सगळे बोलला. मग बापाने स्क्रीनशॉट घेऊन तक्रार केली आणि ते खोटे खाते बंद झाले. ते कोणी उघडले होते तेही कळले. आमच्याच मंडळात टाळ धरणारा नववीतला पोरगा. त्याला मंडळातून काढावे असा ठराव काहींनी आणला. आम्ही विरोध केला. काढायचे तर व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांनाही काढावे लागेल, मग मृदंगापाशी कोण उरणार? त्याने त्या मुलाच्या घरी जाऊन चुकी कबूल केली, आणि ज्या ज्या मुलींना लिहिले होते त्यांच्या आईबापांपुढेही बापासह उभा राहिला. आम्हीही मंडळाच्या ग्रुपवर, जेथे हसलो होतो तेथेच, आपली नावे घालून माफी लिहिली.

त्याने क्षमा केली का, हे आम्ही विचारले नाही. तो त्याचा अधिकार आहे, त्याने वेळ घ्यावा. कार्तिक वद्य एकादशीला, आळंदीत माउलींचा सोहळा असतो आणि आमच्याकडे निर्मळची यात्रा लागते, त्या दिवशी तो हरिपाठाला आला. गळ्यात माळ होती. मागच्या ओळीत आजीशेजारी बसला. चाल म्हणायला अजून पुढे येत नाही, आणि आम्हीही बोलावत नाही.