फाशाचा दोष

उन्हाळ्याच्या सुटींत विजयदुर्गास गेलों असतां, माझ्या नऊ वर्षांच्या भाच्यासाठीं एखादा नवा बैठा खेळ घ्यावा म्हणून आम्ही दोघे बाजारांतील एका दुकानांत शिरलों. वह्या व चेंडू यांच्या पलीकडे बुद्धिबळें, ल्यूडो, सापशिडी, व्यापाराचा खेळ अशा पेट्या रचलेल्या होत्या. "ह्यो नवो इलो हा, बघा तरी," म्हणून दुकानदार एकेक पेटी पुढें करीत होता. सापशिडी पाहतांच भाचा म्हणाला, "मामा, ही नको. साप गिळतो तेव्हां माझें काय चुकलेलें असतें?"

प्रश्न साधा, पण इतकीं वर्षें महाविद्यालयांत शिकवूनहि मला तेथल्या तेथें त्याचें उत्तर देतां आलें नाहीं.

सापशिडीचें मूळ आपल्याकडील मोक्षपटांत आहे. परंपरा त्याचें जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. त्या पटावरील घरांना गुणदुर्गुणांचीं नांवें असत. सद्गुणापासून शिडी वर नेई, दुर्गुणाच्या घरीं साप खालीं ओढी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडांत गेला आणि पुढें नांवें जाऊन निव्वळ आंकडे उरले. यांत नीतीचा लोप झाला, असें कोणी म्हणेल. मला मात्र उलट शंका येते. कवड्या तशा पडल्या म्हणून जो क्रोधाच्या घरांत गेला, त्यानें क्रोध केला कोठें? दानाच्या घरीं पोंचलेल्यानें दिलें तरी काय? कवड्या म्हणजे पूर्वसंचित, असें समर्थन करतां येईल; पण ज्याची आठवण नाहीं त्या संचिताचा जाब मुलास विचारणें मला निष्ठुर वाटतें.

मग बुद्धिबळें घ्यावींत काय? तेथें दैवास जागा नाहीं. हरणारास सबब नाहीं. परंतु जिंकणाराची अशी समजूत होण्याचा संभव असतो कीं जगांतहि सारें असेंच चालतें. यशस्वी तो शहाणा, अपेशी तो मूर्ख. आम्हां सुशिक्षितांत ही समजूत फार बळावली आहे. ज्या घरांत पुस्तकें होतीं त्या घरांत आपण जन्मास आलों, ही आपली कोणती चाल होती?

या दोहोंच्या मध्यें आपल्या जुन्या सोंगट्या आहेत. दान किती पडावें हें आपल्या हातीं नाहीं. पडलेल्या दानानें कोणती सोंगटी हलवावी हें आहे. गीतेनें कर्माचीं पांच कारणें सांगितलीं, त्यांत दैव आहे; पण तें पांचवें आहे, एकटें नाहीं. द्यूतसभेंत फासे शकुनीचे होते, कपटहि त्याचें होतें. तरी द्रौपदीस पणास लावणारे ओठ युधिष्ठिराचे होते. फाशाचा दोष त्यास लावूं नये, पणाचा दोष मात्र माफ करतां येत नाहीं.

ज्या खाडीवर आम्ही रोज फिरावयास जातों, तेथेंच 1756 सालीं तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळालें. इंग्रजांचा एक गोळा एका जहाजावर पडला आणि आग लगतच्या जहाजांवर पसरत गेली. गोळा नेमका कोठें पडावा हें कोणाच्याच हातीं नव्हतें. जहाजें एकमेकांलगत उभीं करावीं कीं नाहीं हें कोणाच्या तरी हातीं होतें. मनुष्याच्या बहुतेक दुःखांत हे दोन भाग असे मिसळलेले असतात, आणि ते वेगळे करून पाहणें हेंच नीतीचें पहिलें काम होय.

शेवटीं सोंगट्यांच्याच कुळांतला ल्यूडो घेऊन आम्ही घरीं आलों. संध्याकाळीं ओटीवर पहिलाच डाव भाच्यानें जिंकला. "हा फांसाच वाईट आहे," असें माझ्या तोंडून निघून गेलें.

"मामा," तो म्हणाला, "तुमची दुसरी सोंगटी हलवायची होती."

पटाकडे पाहिलें. त्याचें म्हणणें खरें होतें.